गोळ्यांची पेटी

माझ्या खोलीतील कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक लहानशी लाकडी पेटी आहे. सेमिनरीतून बाहेर पडताना एका वयोवृद्ध धर्मगुरूंनी ती मला भेट दिली होती. आत चोवीस खाचा, प्रत्येक खाचेत बोटाएवढी बाटली आणि बाटलीत साबुदाण्याहूनही बारीक अशा पांढऱ्या होमिओपॅथीच्या गोळ्या. “खेड्यात जातो आहेस. तिथे डॉक्टर असेल किंवा नसेल, लोक आधी तुझ्याच दाराशी येतील,” असे ते म्हणाले होते. त्यांचे म्हणणे खरे ठरले. लोक आले, आणि मीही अभिमानाने पेटी उघडली.

धर्मगुरूने औषधाची पेटी जवळ बाळगावी ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्यामागे एका थोर माणसाची पुण्याई आहे. फादर ऑगस्टस म्यूलर हे जर्मन येशूसंघीय धर्मगुरू १८७८ मध्ये मंगळूरला आले. १८८० मध्ये कंकनाडी येथे त्यांनी गोरगरिबांसाठी होमिओपॅथीचा दवाखाना सुरू केला. पुढे कुष्ठरोग्यांसाठी आसरा उभा राहिला, प्लेगच्या दिवसांत रुग्णालय उभे राहिले. १९१० मध्ये फादर निवर्तले, पण त्यांच्या नावाची औषधे गावोगावच्या धर्मगुरूंच्या कपाटांत जाऊन बसली. जिथे दुसरा कोणीही रुग्णाच्या उशाशी बसायला तयार नव्हता, तिथे फादर म्यूलर बसले. त्यांचे मोठेपण मला त्यात दिसते. मी मात्र पेटी तेवढी घेतली आणि मोठेपण आपोआप मिळेल असे समजून चाललो.

ही गोष्ट १९९९ च्या पावसाळ्यातली. मी तेव्हा भंडारा जिल्ह्यात नवखा याजक होतो. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव येथे माझ्या धर्मग्रामातील एक कुटुंब पोटापाण्यासाठी राहत होते. वडील गवंडीकाम करीत आणि आई धानाच्या रोवणीला जाई. नऊ-दहा वर्षांचा त्यांचा मुलगा शाळेत हुशार होता, पण अंगाने किरकोळ. महिन्यातून एकदा मी त्यांच्या घरी जाई, प्रार्थना होई, मग चहा होई. कोसा कापडाच्या विणकरांचे हे गाव. वाटेवर घराघरांतून मागाचा ठकठक आवाज ऐकू येई आणि पावसाळ्यात बांध्यांतून गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया दिसत.

त्या जुलैत मी गेलो तेव्हा मुलगा घोंगडी पांघरून पडला होता. आई म्हणाली, “पोऱ्याचे हातपाय लई ठनकतेत जी फादर. रातभर झोपला नाही.” पावसात भिजल्यावर दुखणे वाढते, असेही तिने सांगितले. मी पुस्तक उघडले. ओलसर हवेत वाढणारी सांधेदुखी म्हटल्यावर पुस्तकात उत्तर तयारच होते. चार गोळ्या, दिवसातून तीन वेळा. मुलाच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली आणि निघालो. पाच-सहा दिवसांनी निरोप आला, पोरगा खेळू लागला. मला झालेला आनंद काही निखळ नव्हता. त्यात थोडी फुशारकीही होती.

ऑक्टोबरात दुखणे उलटले. मी पुन्हा गोळ्या दिल्या आणि पुन्हा चार दिवसांत आराम पडला. माझा विश्वास आता पक्का झाला. डिसेंबरच्या थंडीत तिसऱ्यांदा बोलावणे आले. मी पोहोचलो तेव्हा गावातले डॉक्टर मुलाच्या खाटेशी बसले होते. पन्नाशीचे गृहस्थ, आयुर्वेदाचे पदवीधर; बाजाराजवळ त्यांचा एका खोलीचा दवाखाना होता. त्यांनी मुलाच्या पापण्या खाली ओढून डोळे पाहिले, पोट चाचपले, आईला विचारले, “याच्या डोळ्यांत अशी पिवळी झाक पहिल्यापासून आहे का? घरात आणखी कोणाला आहे?” मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “फादर, तुमच्या गोळ्यांनी याचं काही बिघडलं नाही. पण सहा महिने गेले. हा आमवात नाही. याचं रक्त तपासायला हवं.”

त्यांनी स्वतःही त्याला काही औषध दिले नाही. भरपूर पाणी पाजा, ऊब द्या, असे सांगून जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली. रक्ताची तपासणी झाली. मुलाला सिकलसेलचा आजार होता.

विदर्भातील पुष्कळ घरांना हा आजार ठाऊक आहे. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये जन्मतःच दोष असतो. त्यामुळे एरवी गोल असणाऱ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही वाकडी पेशी दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून रक्त कमी पडते आणि डोळे पिवळसर दिसतात. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे असह्य ठणकतात. थंडी, भिजणे, पाणी कमी पिणे, ताप, अतिश्रम ही त्याची निमित्ते. आईने मला जे सांगितले होते त्यात निदानाची अर्धी वाट होती. मी ती पुस्तकातल्या एका ओळीशी जुळवून मोकळा झालो होतो.

मग माझ्या गोळ्यांनी दोनदा आराम कसा पडला? हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, “या दुखण्याची कळ येते आणि बहुतेक वेळा काही दिवसांत आपसूक ओसरते. त्या दिवसांत जो कोणी जे काही देईल, त्याला यश मिळतं. तुमच्या जागी मांत्रिक असता तर त्यालाही मिळालं असतं.” मांत्रिक हा शब्द माझ्या झग्याला चांगलाच लागला. गावातल्या अंगारे-धुपाऱ्यांवर मी प्रवचने दिली होती.

त्या हिवाळ्यानंतर आंधळगावला गेलो की मी त्या दवाखान्यात थोडा वेळ बसू लागलो. भिंतीलगत बाकडे, टेबलावर स्टेथोस्कोप, एका फळीवर आसवे-अरिष्टे आणि चूर्णांच्या बरण्या, दुसऱ्या फळीवर प्रतिजैविकांची पाकिटे आणि इंजेक्शनच्या कुप्या. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसणाऱ्या विणकराची कंबर धरली, तर ते तेल चोळून शेकायला सांगत आणि सुंठीच्या काढ्यात एरंडेल देत. लहान मुलाला हगवण लागली, तर मीठ-साखरेचे पाणी आणि भाताची पेज. कोरड्या खोकल्याला अडुळसा. मात्र लघवीची जळजळ आणि ताप असेल, तर सरळ प्रतिजैविक, आणि तेही ठरल्या दिवसांपुरते.

काही आजारांत मात्र ते कोणत्याच फळीला हात लावीत नसत. छातीत कळ, तान्ह्या मुलाची धाप, बाळंतिणीचा रक्तस्राव आणि धानाच्या बांधीतला साप, ही चार दुखणी आली की दवाखान्यातला वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, असे ते मानीत. मिळेल त्या गाडीने ते रुग्णाला पुढे पाठवीत. सापाच्या विषावर प्रतिविषाची लस हाच उतारा; त्यासाठी ना त्यांच्याकडे चूर्ण होते, ना माझ्याकडे गोळी.

त्यांची आणखी एक रीत होती. प्रत्येक रुग्णाने शाळेच्या वहीसारखी एक वही आणायची. त्या वहीत ते मराठीत लिहीत: आजार काय वाटतो, औषध कोणते, ते आयुर्वेदाचे की आधुनिक, किती दिवस घ्यायचे, आणि बरे वाटले नाही तर कोणत्या दिवशी परत यायचे. एकदा मी म्हटले, “डॉक्टर, लोकांना हे सारे कशाला हवे? त्यांना बरे वाटले की पुरे.” ते म्हणाले, “उद्या मोठ्या डॉक्टरला दाखवायची पाळी आली तर त्याला कळायला नको का, मी काय दिलं होतं ते? आणि फादर, लपवून दिलेलं औषध चांगलं असलं तरी ते देणं चांगलं नाही.” नीतिशास्त्राचे धडे मी सेमिनरीत वर्षानुवर्षे घेतले होते, पण हा धडा त्या बाकड्यावर शिकलो.

ते स्वतःला निर्दोष समजत नव्हते. लोक हट्टाने सुई मागत, थकव्याला सलाइन मागत. कधीकधी आपणही नको असता सुई टोचली आहे, असे ते कबूल करीत. पांढऱ्या गोळीचा दोष दाखवताना आपण हे विसरू नये. विनाकारण दिलेले प्रतिजैविक किंवा झटपट आराम पडावा म्हणून न सांगता दिलेले स्टेरॉइड हाही लबाडीचाच प्रकार. त्यावर कारखान्याची छापील चिठ्ठी असली म्हणून तो शास्त्र होत नाही.

परंपरेच्या औषधांना हसण्याचे कारण नाही, हे मी त्यांच्याकडूनच ऐकले. त्यांना सर्पगंधेची कथा फार आवडे. वैद्य लोक वेडावर आणि निद्रानाशावर ही मुळी देत. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असे लिहिले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा उपयोग करून काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये त्या एका ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. त्यानंतर जगभर या मुळीचा बोलबाला झाला. तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पण याच औषधाने काही रुग्णांच्या मनाला विषण्णता येते, हेही तपासणीतूनच कळले. अगदी तसेच चीनमध्ये घडले. जुन्या वैद्यकग्रंथांचा मागोवा घेत थू योयो यांनी एका वनस्पतीतून हिवतापावरचे औषध शोधले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषध आजीबाईच्या बटव्यातून आले की कारखान्यातून, हा मुद्दा गौण ठरतो. ते उजेडात आणून तपासले गेले का आणि त्याचे गुण-दोष दोन्ही सांगितले गेले का, हे विचारायला हवे.

हीच कसोटी माझ्या पेटीला लावली की मन खट्टू होते. होमिओपॅथीचे जनक हानेमान हे सज्जन गृहस्थ. त्यांच्या काळी युरोपातले डॉक्टर रुग्णाचे रक्त काढून आणि पारा पाजून त्याला अर्धमेला करीत; त्यापुढे हानेमान यांची सौम्य मात्रा ही दयाच होती. पण माझ्या बाटल्यांवर ‘३०’ हा आकडा असे. त्याचा अर्थ मूळ द्रव्य शंभरपट विरळ करायचे आणि असे तीस वेळा करायचे. एवढे विरळ केल्यावर गोळीत मूळ द्रव्याचा एक कणही उरण्याची शक्यता नसते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सारे संशोधन चाळून सांगितले की, होमिओपॅथी परिणामकारक आहे असा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत मिळत नाही. माझ्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी या गोळ्या आहेत आणि पुष्कळांना त्यांचा गुण आल्याची खात्री आहे, हे मी जाणतो. मलाही दोनदा खात्री वाटली होती. म्हणूनच हे लिहितो आहे.

दुसऱ्या बाजूला, ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हीही एक समजूतच. करोनाच्या साथीत आपण घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले. २०२० च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. त्या सर्वांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये ती नोंद प्रसिद्ध झाली. अमेरिकेत बॉस्टन परिसरातील दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ मध्ये जाहीर झाले. ज्याच्यात गुण देण्याचे बळ आहे त्याच्यात अपायाचेही बळ असणार. म्हणून तर वही हवी.

आपल्या राज्यात हा प्रश्न न्यायालयापर्यंत आणि विधिमंडळापर्यंत गेला आहे. मुंबईत होमिओपॅथीच्या एका डॉक्टरांनी १९९२ मध्ये एका तापाच्या रुग्णाला आधुनिक औषधे दिली आणि तो रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्या शास्त्राची औषधे देणे हा निष्काळजीपणाच होय. पुढे १९९८ च्या निकालात, अन्य पद्धतीच्या डॉक्टरांना आधुनिक औषधांची मुभा देण्याचा अधिकार राज्यांकडे असल्याचे मान्य झाले. २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांना तशी मुभा दिली. तेव्हापासून डॉक्टरांच्या संघटनांत या विषयावर वाद पेटत आला आहे. त्या वादात न्यायाधीश होण्याची माझी योग्यता नाही. एवढेच म्हणेन की, खेड्यातल्या आईला पद्धतींचे भांडण कळत नाही. रात्री दोन वाजता दार ठोठावले तर ते कोण उघडतो, हे तिला कळते. ज्याने दार उघडले त्याच्यावर ती विश्वास टाकते; म्हणून दार उघडणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते.

या बाबतीत आपली श्रद्धा आपल्याला काय शिकविते? आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये असलेल्या सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय घरी अवश्य वाचावा. वैद्याचा मान राखा, औषधे परमेश्वरानेच भूमीतून निर्माण केली आहेत, आजारपणात प्रार्थना करा आणि मग वैद्याला त्याचे काम करू द्या, असा त्याचा आशय आहे. प्रार्थना आणि वैद्य या दोहोंना तिथे आपापली जागा आहे; एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नाही. प्रभू येशूच्या दाखल्यातील शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. ती त्या काळची घरगुती चिकित्सा. पण तेवढ्यावर न थांबता त्याने त्याला उचलून उतारशाळेत नेले आणि पुढच्या खर्चाची तजवीज केली. जवळ होते ते दिले आणि पुरेसे नव्हते म्हणून पुढे पोहोचवले. आंधळगावच्या त्या डॉक्टरांचे वैद्यक याहून वेगळे नव्हते.

लूर्ड येथील चमत्कारांबाबतही ख्रिस्तसभा किती सावध असते पाहा. १८८३ पासून तिथे वैद्यकीय कार्यालय आहे. बरे झाल्याचे सांगणारे हजारो लोक आजवर तिथे येऊन गेले. त्यांतील सत्तरच्या आसपास घटनांनाच चमत्कार म्हणून मान्यता मिळाली. आजाराचे निदान नीट झाले होते का, तो आपोआप ओसरणारा तर नव्हता ना, आराम टिकला का, हे सारे डॉक्टरांकडून तपासून घेतल्यावाचून ख्रिस्तसभा ‘चमत्कार’ हा शब्द उच्चारीत नाही. पवित्र मातेच्या कृपेविषयी जी सावधगिरी ख्रिस्तसभा पाळते, ती मी माझ्या चार गोळ्यांविषयी पाळली नव्हती.

निदान झाल्यानंतर मी त्या मुलाच्या आईची क्षमा मागितली. तिने मला दोष दिला असता तर बरे झाले असते. ती म्हणाली, “तुमी देल्ल्या म्हनून मी देवाच्या समजून देल्ल्या जी.” हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. तिने गोळीवर विश्वास टाकला नव्हता. तिने माझ्या झग्यावर आणि त्यामागच्या देवावर विश्वास टाकला होता. तो विश्वास मी न तपासलेल्या वस्तूसाठी खर्च केला. त्या सहा महिन्यांत मुलाला काही मोठा अपाय झाला नाही, ही परमेश्वराची कृपा. माझे त्यात काही नाही.

तो मुलगा आता पस्तिशीचा आहे. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या, पुढे हायड्रॉक्सियुरिया, थंडीत जपणे, पाण्याची बाटली सतत जवळ ठेवणे, अशा शिस्तीत तो वाढला. कळ येते, पण पूर्वीसारखी वारंवार नाही. लग्न ठरताना त्याने मुलीकडच्यांना सगळे सांगितले आणि तिची रक्ततपासणी झाली. ती निर्दोष होती. म्हणजे त्यांची मुले आजाराचे वाहक होतील, पण आजारी होणार नाहीत. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला मात्र हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या शिबिरात मी आता प्रत्येक वधूवरांना ही तपासणी करून घ्यायला सांगतो. २०२३ पासून केंद्र शासनाची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू आहे. तपासणीत लाज वाटण्याजोगे काही नाही. न तपासता राहण्यात मात्र पुढच्या पिढीचे दुःख आहे.

ते डॉक्टर काही वर्षांपूर्वी वारले. अंत्ययात्रेला गेलो तेव्हा कितीतरी माणसांच्या हातात त्यांनी लिहिलेल्या वह्या होत्या. कोणी सांगितले नसताना त्यांनी त्या बरोबर आणल्या होत्या.

माझी पेटी अजून आहे. बाटल्या मी केव्हाच काढून टाकल्या. आता तिच्यात तापमापक आहे, जलसंजीवनीची पाकिटे आहेत, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक ठळक अक्षरांत चिकटवला आहे. आजाऱ्याच्या घरी बोलावणे आले की मी आजही जातो, मस्तकावर हात ठेवतो, तैलाभ्यंग देतो. फक्त त्याआधी एक प्रश्न विचारतो, “डॉक्टरांना दाखवले का? त्यांनी काय दिले ते मला दाखवा.” मग आम्ही सारे मिळून प्रार्थना करतो.